नाशिकच्या भांडी बाजारातील नाव घालण्याचा गाळा: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

नाशिकच्या भांडी बाजारात एका जुन्या वाड्याच्या जोत्याला लागून जेमतेम दोन माणसे बसतील एवढा गाळा आहे. त्याला स्वतःचे नाव नाही. ‘भांड्यांवर नावे घालून मिळतील’ एवढीच ओळ पत्र्याच्या पाटीवर रंगवलेली आहे. गेल्या वर्षी घरात लग्न होते, त्या निमित्ताने रुखवतात मांडायची आणि आहेरात द्यायची अशी मिळून चाळीसेक भांडी मी तिथून नावे घालून घेतली. घरी राहिलेली भांडी वर्षभर वापरून झाल्यावरच हे लिहीत आहे, कारण कोरलेल्या अक्षराचा कस मोरीवर, चिंच आणि तारेच्या घासणीखाली लागतो.

या गाळ्याकडे मी वळलो तो आधीच्या एका वाईट अनुभवामुळे. भेटवस्तू घरपोच देणाऱ्या एका दुकानाकडून लेझरने नाव घातलेली स्टीलची बाटली मागवली होती. अक्षरे काळीभोर, रेखीव होती. तीन महिन्यांत त्यांच्या कडेने तपकिरी ठिपके उठले. लेझरने ‘कोरले’ असे आपण सरसकट म्हणतो, पण स्टीलच्या वस्तूंवरचे असे गुळगुळीत काळे अक्षर कोरलेले नसते. किरणाच्या उष्णतेने तिथला पृष्ठभाग काळवंडलेला असतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातील क्रोमियममुळे वर धरणाऱ्या अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरामुळे, आणि उष्णतेचे प्रमाण चुकले की नेमका तोच थर त्या जागी दुबळा होतो. त्यात संगणकातला टंक (फाँट) हिंदी वळणाचा निघाला. आजीच्या नावात ‘श’ आणि ‘ल’ ही दोन्ही अक्षरे येतात आणि दोन्ही तिने जन्मात कधी लिहिली नसतील अशी उमटली होती. मला हे गंजापेक्षा जास्त लागले.

या गाळ्यातले काका भांडे हातात घेतल्यावर आधी विचारतात की हे रोजच्या वापरातले की देव्हाऱ्यातले, घासणार कशाने आणि कल्हई करणार का. मग अवजार ठरते. तांबे आणि पितळ मऊ, त्यामुळे त्यांवर ते छिन्नीच चालवतात. काचेवर लिहिण्याच्या पेन्सिलीने आधी शिरोरेषा ओढून घेतात, भांडे दोन गुडघ्यांत धरतात आणि बोटभर लांबीची छिन्नी तिरपी टेकवून, तिच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर डोलवत, छोट्या हातोडीने टकटक करत पुढे नेतात. छिन्नीचा हात फारसा हलत नाही, वळते ते भांडे. त्यामुळे रेषा सरळसोट चरासारखी न पडता बारीक नागमोडी उमटते आणि प्रकाशात चमकते. पाच-सहा अक्षरांचे नाव मी मनात शंभर मोजेपर्यंत पुरे झाले. पत्रा पातळ असेल तर घाव इतका बेताचा, की आतून हात फिरवला तरी काही लागत नाही.

नाव कुठे घालायचे, याचीही त्यांची रीत आहे. तांब्यावर ते काठाच्या लगेच खाली, गळ्याच्या खोलगट भागात नाव घालतात, म्हणजे घासणाऱ्याचा हात काठावर आणि पोटावर फिरतो, अक्षरावर कमी. हे ऐकताना मला ताम्रपटांची आठवण झाली. अनेक ताम्रपटांच्या कडा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात, त्या पत्रे एकमेकांवर घासून अक्षरे झिजू नयेत म्हणूनच. कल्हई करण्याच्या पातेल्याला मात्र ते नाव बाहेरूनच घालतात. आतून घातले तर कल्हईचा थर फाटतो आणि आमटीचा आंबटपणा थेट पितळेला लागतो. एका गिऱ्हाईकाने फार आग्रह धरला तेव्हा त्यांनी पातेले सरळ परत दिल्याचे मी पाहिले.

स्टीलच्या डब्यांसाठी ते विजेचे पेन वापरतात. पेनाच्या आत तारेची गुंडाळी असते, तिच्या चुंबकत्वाने टंगस्टन कार्बाइडचे टोक खालीवर होते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे टोकाचे घाव सेकंदाला १०० पडतात. पेन धातू कापून काढत नाही, ठिपक्यांनी चेपत जाते. म्हणून अक्षर करड्या रंगाचे, किंचित खरखरीत दिसते आणि छिन्नीच्या अक्षराची शोभा त्याला येत नाही. पण टिकण्यात ते कमी नाही. रोज घासल्या जाणाऱ्या माझ्या पोह्यांच्या डब्यावरचे नाव वर्षानंतरही बोटाला लागते. पातळ डब्यांवर मात्र पत्रा थरथरतो आणि रेषा कापरी येते. लग्नाच्या तारखेतला ‘८’ दोन डब्यांवर नीट मिटलेला नाही.

लेझर त्यांच्याकडे नाही. पोळपाट आणि रंगीत अॅल्युमिनियमची बाटली त्यांनी दुसऱ्या दुकानातून करून आणली, त्यात दोन दिवस गेले. लाकडाला कार्बन डायऑक्साइडचा लेझर आणि धातूला फायबर लेझर, अशी दोन निराळी यंत्रे लागतात. काम चांगले झाले. रंगीत अॅल्युमिनियमवर लेझर खरोखर शोभतो, कारण वरचा रंग जाऊन अक्षर पांढरे उघडे पडते. या वेळी टंक मी स्वतः निवडून दिला होता.

हाताने कोरण्याचे मोल मला वाटते ते इथेच. मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली, म्हणजे देवनागरी छपाईचे एक आरंभीचे पाऊल आपल्याकडच्या कोरणाऱ्या हातांनी टाकले. त्या हाताला कोणता ‘ल’ घ्यायचा, हे कोणी सांगावे लागले नसेल. या काकांनाही सांगावे लागत नाही. ‘ऱ्ह’ असलेले एक आडनाव त्यांनी न विचारता बिनचूक घातले. तेच अक्षर लेझरच्या दुकानात दोनदा चुकले होते.

दर छिन्नीच्या कामाला अक्षरामागे ५ रुपये आणि पेनाला ३ रुपये होता. जोडाक्षर एकच धरतात, काना-मात्रेचे पैसे घेत नाहीत. पावती मिळत नाही. मजकूर आपण स्वतः मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्यावा आणि पेन्सिलीने आखून झाल्यावर तिथेच उभे राहून वाचावा. राहिलेला अनुस्वार नंतर देता येतो, जास्तीचा काना पुसता येत नाही. माझ्या एका ताटावर अनुस्वार राहिला होता, तो त्यांनी लगेच दिला. लग्नसराईत चार दिवस धरून चालावे. अंगठीच्या आत नाव घालायचे असेल तर ते सरळ सराफाकडे पाठवतात, आणि ते योग्यच आहे: सोन्यावर हॉलमार्कच्या खुणांसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, त्याला धक्का लागून चालत नाही.

शेवटच्या खेपेला मी आजीचा पितळी हंडा नेला होता. त्यावर तिचे नाव आणि ‘१९५६’ हे साल आहे, पण घासून घासून अर्धी अक्षरे तिरप्या उजेडातच दिसतात. तीच पुन्हा गडद करून द्या, असे मी म्हणालो. काकांनी हंडा दारापाशी नेऊन बराच वेळ फिरवून पाहिला आणि नकार दिला. जुन्या कोरणाऱ्याची छिन्नी रुंद होती आणि तिचा कल डावीकडे होता, त्यावरून आपली छिन्नी चालवली तर दोन्ही हात बिघडतील, असे ते म्हणाले. मग त्यांनी त्याखाली चार बोटे जागा सोडून माझ्या सुनेचे नाव आणि या लग्नाचे साल घातले, ‘श’ आणि ‘ल’ यांची वळणे वरच्या ओळीत पाहून, आणि फक्त खालच्या ओळीचे पैसे घेतले.