पद्मिनीच्या इंजिनासाठी कुर्ल्यात करून घेतलेली घोडी: एक सविस्तर अभिप्राय

प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन पूर्ण खोलून, बोअर करून पुन्हा जुळवल्यावर ते थेट गाडीत न बसवता आधी बाहेर चालवून पाहावे, असे मी या वेळी ठरवले होते. मागच्या खेपेला इंजिन गाडीत चढवल्यानंतर मागच्या बाजूने ऑइल गळताना दिसले आणि दोन दिवसांची मेहनत पुन्हा उलट क्रमाने करावी लागली. चाचणीसाठीची तयार घोडी, म्हणजे इंजिन गाडीबाहेर उभे करून चालवता येईल असा लोखंडी सांगाडा, मला मुंबईच्या बाजारात मिळाली नाही. मिळतात त्या एका खांबाच्या, इंजिनाला मागच्या चार बोल्टांवर अधांतरी धरणाऱ्या. त्यांवर इंजिन खोलता आणि जुळवता येते, पण चालू करणे धोक्याचे असते. म्हणून कुर्ला पश्चिमेला सीएसटी रस्त्याजवळच्या एका लहान फॅब्रिकेशनच्या दुकानातून मी ती बनवून घेतली. हा अभिप्राय त्या कामाविषयी आहे. ज्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडत असे, त्याच कुर्ल्यात तिचे इंजिन पुन्हा उभे करायला नेताना मला मनापासून आनंद वाटला, हेही नमूद करतो.

दुकानाचे रोजचे काम ग्रिल, लोखंडी जिने आणि दुकानांची शटरे यांचे आहे. इंजिनाची घोडी त्यांनी पूर्वी केलेली नव्हती आणि मिस्त्रींनी ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. मी कागदावर काढून नेलेला आराखडा त्यांनी शांतपणे पाहिला आणि विचारले, "साहेब, वजन हा सांगाडा आरामात पेलेल. पण तुम्ही रेस दिलीत की इंजिन एका बाजूला पिळणार, ते कोण धरणार?" माझ्या आराखड्यात याचे उत्तर नव्हते. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि फ्लायव्हील (त्याच्या मागच्या टोकाचे जड चाक) एकदम वेग घेतात तेव्हा इंजिनाचे धड उलट दिशेने पिळले जाते. तळ अरुंद असेल आणि चाके मोकळी असतील तर सगळा सांगाडा सरकतो किंवा एका अंगावर कलतो. हा प्रश्न त्यांनी आपणहून विचारला, त्याच क्षणी काम त्यांना द्यायचे हे माझे ठरले.

तळ त्यांनी माझ्या आराखड्यापेक्षा जवळजवळ एक फूट रुंद केला. सांगाड्याला ५० × ५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप वापरला. त्याचे वजन मीटरला सव्वाचार ते साडेचार किलो भरते, त्यामुळे घोडी जड झाली आहे आणि तशीच ती हवी होती. पुढे इंजिनाची मूळ दोन रबरी माउंटिंग जशीच्या तशी बसतात. खरी अडचण मागे होती. गाडीत इंजिनाचा मागचा भार गिअरबॉक्सच्या आधारावर जातो, आणि गिअरबॉक्स काढला की तो आधारच राहत नाही. शिवाय सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) बेलहाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या फ्लायव्हील झाकणाऱ्या कवचावर बसतो, म्हणून बेलहाउसिंग नसेल तर इंजिन फिरवायचे कशाने, हा प्रश्न उरतोच. मी जुन्या बाजारातून एक रिकामे बेलहाउसिंग आणले होते. ते जोडून त्याच्या मागच्या तोंडाला ८ मिलिमीटरची पट्टी बोल्टांनी कसली आणि ती पट्टी रबराच्या तुकड्यावर आडव्या पाइपाला टेकवली. फिरते फ्लायव्हील त्यामुळे आपोआप झाकले गेले, हा आणखी एक लाभ.

वेल्डिंगबद्दल मला कौतुकच करायचे आहे. सगळा सांगाडा आधी टाके मारून उभा केला, चारही कोपरे गुण्याने (काटकोन मापकाने) तपासले, कर्ण मोजले आणि मगच पूर्ण झाल भरली. तीही एका बाजूने सलग न भरता समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून, म्हणजे उष्णतेने पाइप ओढला जाऊ नये. घरी आणून सपाट फरशीवर ठेवली तेव्हा घोडीची चारही चाके टेकली. चाकांपैकी दोनांना ब्रेक आहेत, परंतु इंजिन चालवताना त्यांच्यावर विसंबू नये म्हणून मिस्त्रींनी चार कोपऱ्यांना स्क्रूचे पाय दिले. ते खाली घेतले की चाके अधांतरी होतात.

आता उणिवा. पेट्रोलच्या डब्याची बैठक त्यांनी एक्झॉस्टच्या बाजूला, पाइपापासून वीतभर अंतरावर जोडली होती. मी आराखड्यात ती विरुद्ध टोकाला दाखवलेली असताना असे झाले, आणि ही चूक क्षुल्लक मानता येत नाही. दाखवल्यावर त्यांनी ती विनातक्रार कापून हलवली. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनावरच चालणारा असल्याने डबा कार्ब्युरेटरच्या खालच्या पातळीवर ठेवता येतो, आणि तो तसाच ठेवावा. नळी निसटली तर पेट्रोल आपोआप वाहत राहत नाही. पंख्यासमोर जाळी मी सांगितल्यावरच बसली. रंग घाईने मारलेला आहे. वायरिंगचे काम ते करत नाहीत, ते मी स्वतः केले: बॅटरी, सेल्फचे बटण, कॉइलचा पुरवठा तोडणारा मोठा लाल स्विच, ऑइल प्रेशर आणि तापमान यांची घड्याळे. तो लाल स्विच घोडीच्या टोकाला, उभ्या माणसाच्या हाताशी असावा. इंजिनावरून वाकून पोहोचावे लागेल असा नसावा. आठवड्यात देतो म्हणून सांगितलेले काम हाती यायला सोळा दिवस लागले.

पहिली चाचणी विक्रोळीतील एका मित्राच्या गॅरेजच्या उघड्या आवारात घेतली. बंद जागेत, इमारतीच्या स्टिल्टखाली किंवा तळघरात हे करू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अग्निशामक जवळ ठेवला. प्लग काढून आधी नुसते सेल्फवर इंजिन फिरवले आणि प्रेशरचा काटा उचलल्यावरच प्लग बसवले. सिलिंडर पेटण्याच्या १-३-४-२ या क्रमाने प्लगच्या वायरी लावून बटण दाबले, तेव्हा ते तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाले. रेस वाढवली तेव्हा इंजिन रबरावर हलले, पण घोडी जागची सरकली नाही. अर्ध्या तासात वॉटर पंपाची गळती सापडली, टायमिंग सुधारता आले आणि मागची बाजू कोरडी असल्याची खात्री झाली. मात्र घोडीवर इंजिनाला भार नसतो, त्यामुळे पिस्टनच्या नव्या रिंगा येथे सिलिंडरशी घासून नीट बसतील अशी अपेक्षा ठेवून ते तासन्‌तास आयडलवर चालवू नये. ते काम रस्त्यावरच होते.

माल आणि मजुरी मिळून मला एकवीस हजार रुपये पडले, त्यात बेलहाउसिंग आणि वायरिंग धरलेले नाही. एकाच इंजिनासाठी ही रक्कम जास्त वाटेल. माझ्याकडे दुसरे इंजिन जुळवणीच्या रांगेत आहे आणि दोन मित्रांनीही घोडी मागितली आहे, म्हणून मला ती पटली. ज्यांच्याकडे स्वतःचा नीट आराखडा आहे आणि जे कामाच्या दरम्यान दोन-तीनदा जाऊन उभे राहू शकतात, त्यांनी अशा दुकानाकडे निःशंक जावे. जाताना बेलहाउसिंग आणि दोन्ही माउंटिंग सोबत न्यावीत. मी पहिल्या भेटीत केवळ मापे नेली होती, आणि मागच्या पट्टीची भोके त्यामुळेच दोनदा पाडावी लागली.