एरोस्पेस कुठून करायचं: मुंबई, तिरुवनंतपुरम, चंदीगड की इथंच इंदूरला मेकॅनिकल?

23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी चांद्रयान-3 उतरलं तेव्हा भाची दहावीत होती. सुदामा नगरात ताईच्या हॉलमध्ये आम्ही सगळे टीव्हीसमोर, मध्ये शेव-परमलचं ताट, आणि टाळ्या संपायच्या आत हिने जाहीर करून टाकलं की मी एरोस्पेस करणार. आम्हाला वाटलं महिन्याभरात विसरेल. नाही विसरली. आता बारावीत आहे, जिजाजी रोज रात्री फोन करून विचारतात की अरे नक्की कुठं कुठं फॉर्म टाकायचे, आणि मी तिच्या मोठ्या भावाच्या वेळी या सगळ्यातून एकदा पोळून निघालोय म्हणून हे काम आपोआप मामाच्या गळ्यात पडलंय. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढतो, अजून कुणाच्या घरात हा घोळ चालू असेल तर त्यांनाही होईल.

आधी एक गोष्ट. विमानं-रॉकेटं आवडतात म्हणून एरोस्पेस आणि इस्रोत नोकरी हवी म्हणून एरोस्पेस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात या दोन्हीची खिचडी होते आणि मग चॉईस फिलिंगच्या म्हणजे कॉलेज-ब्रँचची पसंती-यादी भरायच्या वेळी भांडणं. पोराला किंवा पोरीला बसवून आधी हेच विचारा की उद्या इस्रो नाही मिळालं तरी चार वर्षं एरोडायनॅमिक्स, प्रोपल्शन, स्ट्रक्चर्स आणि फ्लाइट मेकॅनिक्स आवडीने शिकशील का? उत्तर "हो" असेल तर पुढचं सगळं एका रीतीने वाचा, "अं… माहीत नाही" असेल तर दुसऱ्या.

दारं मुख्य दोन. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते, दोन्ही दिल्या तर चांगला स्कोअर धरतात. त्यातले वरचे अडीच लाख जेईई अॅडव्हान्स्डला बसतात. आयआयटी आणि तिरुवनंतपुरमचं आयआयएसटी (अंतराळ विभागाचं इंजिनीअरिंग कॉलेज) दोघांनाही अॅडव्हान्स्डची रँक लागते, चंदीगडचं पेक (पंजाब इंजिनीअरिंग कॉलेज) आणि बंगालमधल्या शिबपूरचं आयआयईएसटी मेनवर मिळतं. बारावीला 75 टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये हवं ही आयआयटी-एनआयटीची अट कोचिंगच्या धांदलीत कुणाच्या लक्षात राहत नाही, मग मार्चमध्ये केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री सगळ्यांना घाम फुटतो.

आता खरी लढत, आयआयटी एरोस्पेस विरुद्ध आयआयएसटी. आयआयटीत एरोस्पेसची जुनी खाती म्हणजे मुंबई, कानपूर, खरगपूर आणि मद्रास. कानपूरला तर कॅम्पसमध्येच स्वतःची धावपट्टी आणि फ्लाइट लॅब आहे, विमानाची पोरं विमानात बसून शिकतात, हे ऐकून भाचीचे डोळे केवढे झाले होते ते मीच बघितलंय. मद्रासला ज्वलनावर मोठं संशोधन चालतं आणि अग्निकुल ही रॉकेट कंपनी तिथल्याच अंगणात उभी राहिली, मे 2024 मध्ये त्यांनी स्वतःचं छोटं रॉकेट उडवलंसुद्धा. मुंबईचं एरोस्पेस ओपनला पाच हजार रँकच्या बरंच आत बंद होतं, तिथं फार आशा नको ठेवायला. पण मुलगी असेल तर एक गोष्ट नक्की बघा. आयआयटीत 2018 पासून मुलींसाठी जास्तीच्या जागा आहेत, त्यांची क्लोजिंग रँक, म्हणजे जिथे जागा संपतात ती रँक, जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या एकत्र काउन्सेलिंगच्या) साइटवर वेगळ्या ओळीत दिसते आणि ती चांगलीच पुढे जाते. जिजाजी दोन दिवस मुलांचीच ओळ बघून निराश होऊन बसले होते, मी फोनवर स्क्रोल करून खालची ओळ दाखवली तेव्हा कुठे घरात चहा झाला.

आयआयएसटी 2007 सालचं, अंतराळ विभागाचंच, पहिले कुलपती अब्दुल कलाम. कॅम्पस वलियमलाच्या डोंगरात आणि शेजारीच इस्रोचं द्रव-इंजिनांचं केंद्र, त्याच शहरात थुंबाला विक्रम साराभाई केंद्र. म्हणजे रॉकेटवाल्यांच्या मोहल्ल्यातच राहून शिकायचं. इथं बी.टेक. एरोस्पेस आहे, अॅव्हिऑनिक्स म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवालं आहे आणि एक पाच वर्षांचा ड्युअल डिग्रीचा कोर्स आहे. आता लोकांचा गैरसमज असा की इथं अॅडमिशन म्हणजे इस्रोचं अपॉइंटमेंट लेटर. तसं नाहीये. सीजीपीए 7.5 च्या वर ठेवावा लागतो आणि त्या वर्षी इस्रोत जागा असल्या तरच घेतात. तरी देशात इस्रोच्या इतक्या जवळ नेणारं दुसरं अंडरग्रॅज्युएट दार नाही हे मान्य करावंच लागेल.

मग कुठलं? आयआयटीत मोकळीक आहे, दुसऱ्या वर्षी मन बदललं तर मायनर घ्या, कोडिंग शिका, प्लेसमेंटला कुठल्याही कंपनीत बसा, एरोस्पेसची पोरं सॉफ्टवेअर आणि फायनान्समध्ये सरळ जातात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आयआयएसटीची वाट सरळ आहे पण अरुंद आहे. ज्याला अंतराळच हवंय आणि दुसरं काही नकोच त्याने खरगपूर किंवा मद्रासच्या बरोबरीने आयआयएसटी धरावं असं मी म्हणतो, पण ज्याचं मन आज रॉकेट उद्या एआय असं उड्या मारतं त्याने आयआयटीच. भाचीबद्दल मला अजून खात्री नाही, तिच्या आईला आहे.

अंतराचं म्हणाल तर आयआयटी मुंबईला अवंतिका एक्सप्रेसने रात्री झोपायचं आणि सकाळी उठायचं. तिरुवनंतपुरमला अहिल्यानगरी एक्सप्रेस आहे पण आठवड्यातून एकदाच आणि दोन रात्रींचा प्रवास, स्टेशनचं नाव आधी कोचुवेली होतं आता तिरुवनंतपुरम नॉर्थ, रिझर्वेशन करताना शोधत बसू नका. पोह्यांशिवाय सकाळ न होणारं पोरगं असेल तर हा मुद्दाही हसण्यावारी नेऊ नये, पहिल्या सेमिस्टरला घरची आठवण याच वेळी येते.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना, आणि ही मी पदरचं गमावून सांगतोय. आयआयएसटी जोसात नसतं. तुम्ही जोसाचं रजिस्ट्रेशन केलं, शंभर चॉईस भरले, तरी त्यात आयआयएसटी कुठेच दिसणार नाही, त्यांचा फॉर्म वेगळा, साइट वेगळी, शेवटची तारीख वेगळी. भाच्याच्या वेळी आम्ही सगळे जोसात इतके गुंतलो होतो की कुणी तिकडे बघितलंच नाही, आणि त्याच्या कोचिंगमधल्या एकाने सहज विचारलं "आयआयएसटीचं काय झालं रे" तेव्हा तारीख जाऊन चार दिवस झाले होते. चूक आमचीच. पण ते चार दिवस अजून आठवतात.

पेक आणि शिबपूर. दोन्ही जुनी, नावाजलेली, सरकारी, दोन्हीकडे बी.टेक. एरोस्पेस आहे आणि दोन्ही जोसातूनच मिळतात. अडचण एवढीच की निम्म्या जागा होम कोट्याच्या, पेकमध्ये चंदीगडवाल्यांच्या आणि शिबपूरला बंगालवाल्यांच्या, आपण इंदूरवाले "अदर स्टेट"मध्ये पडतो, कटऑफ बघताना तीच ओळ बघायची. मला विचाराल तर मेनवर जे मिळतं त्यात पेक वरचढ, शहर नीटनेटकं आहे आणि आपल्या पोरांना हिंदी भागात रुळायला सोपं जातं. शिबपूर हावड्याला लागूनच आहे, शिप्रा एक्सप्रेस तिथंच जाते.

इथं भाच्याची पूर्ण गोष्ट सांगितलीच पाहिजे. दुसऱ्या राउंडला त्याला शिबपूर एरोस्पेस लागलं, घरात पेढे झाले. जोसात सीट लागल्यावर फ्रीझ, स्लाइड आणि फ्लोट असे तीन पर्याय असतात. फ्रीझ म्हणजे बस, हेच हवं. स्लाइड म्हणजे याच कॉलेजात वरची ब्रँच मिळाली तर द्या. फ्लोट म्हणजे कुठेही माझ्या लिस्टमध्ये वरचं काही मिळालं तर द्या. शेजारच्या काकांनी सांगितलं फ्लोटच ठेवा, काही गमवायचं नाही. पण लिस्टमध्ये शिबपूरच्या वर जिजाजींनी "असू दे" म्हणून एका एनआयटीचं इलेक्ट्रिकल टाकून ठेवलं होतं. चौथ्या राउंडला तेच लागलं, आणि एरोस्पेस गेलं ते गेलंच, कारण वरचं लागलं की खालचं सिस्टीम काढून घेते, तुम्हाला विचारत नाही. त्या रात्री पोरगं जेवलं नाही. जिजाजी गच्चीवर जाऊन बसले. तो आता इलेक्ट्रिकलमध्ये छान रमलाय, ही वेगळी गोष्ट. तेव्हा लिस्टमध्ये वर तेच टाका जे खरंच जास्त हवंय, "असू दे"वालं एकही नको.

आयआयटी इंदूर आपलं घरचं, सिमरोलला, मग ते का नाही, हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. तिथं 2023 पासून बी.टेक. स्पेस सायन्सेस अँड इंजिनीअरिंग आहे खरं, पण नावावर जाऊ नका, हा विमान-रॉकेट बनवायचा कोर्स नाही. उपग्रह, रिमोट सेन्सिंग, खगोल, अवकाशातून येणारे सिग्नल असं त्याचं वळण. ज्याला दुर्बीण आणि डेटा आवडतो त्याला मस्त, ज्याला इंजिन आवडतं त्याला नाही. रविवारी जेवायला घरी, हा मोह मात्र ताईला फार आहे.

प्रायव्हेटबद्दल थोडक्यात. व्हीआयटी भोपाळला एरोस्पेस आहे, आष्ट्याच्या पुढे कोठरीला, आपल्या रस्त्यावरच. त्यांची परीक्षा वेगळी आणि फी रँकप्रमाणे कॅटेगरीत वाढत जाते, म्हणजे रँक खाली गेली तर तीच डिग्री जास्त पैशाला. मणिपालला एरोनॉटिकल आहे, त्यांचीही परीक्षा वेगळी. कुठल्याही प्रायव्हेटला जायच्या आधी एकदा जाऊन विंड टनेल (वाऱ्याच्या झोतात मॉडेल तपासायचं यंत्र) चालू करून दाखवा म्हणायचं. दाखवलं तर पुढे बोला. आणि एएमई म्हणजे विमान दुरुस्तीचं डीजीसीएचं लायसन्स, ती डिग्री नव्हे, एरपोर्टवर विमानाखाली टॉर्च घेऊन उभं राहायचं असेल तर उत्तम काम आहे पण एरोस्पेस समजून कुणी भरू नका, नावं जवळजवळ सारखी असल्यामुळे फसगत होते.

राहिलं मेकॅनिकल. वल्लभनगरचं एसजीएसआयटीएस 1952 पासूनचं, डीटीईच्या म्हणजे मध्य प्रदेशच्या तंत्रशिक्षण खात्याच्या काउन्सेलिंगमधून जेईई मेनवर, डोमिसाइल असल्याने आपल्याला सोपं, फी कमी, घर शेजारी. इस्रोला जायचंच असेल तर हे ऐका. 2025 मध्ये इस्रोने सायंटिस्ट-इंजिनीअरच्या 320 जागा काढल्या, त्यात 160 मेकॅनिकलच्या, बाकी इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या. एरोस्पेसचा त्या जाहिरातीत कॉलमच नव्हता. केंद्रं आपापल्या जाहिराती वेगळ्या काढतात, त्यात एरोस्पेस असतं पण जागा थोड्या. म्हणजे इस्रो हेच ध्येय असेल तर घरी राहून मेकॅनिकल करा, नीट 65 टक्क्यांच्या वर ठेवा, आणि एरोस्पेसची हौस गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा देऊन तिथं भागवा, बेंगळुरूच्या आयआयएससीत 1942 पासून हा विभाग चालतोय. हे मी बोललो तेव्हा भाचीचा चेहरा पडला. म्हणाली, "मामा, मला इस्रो नाही, मला विमान हवंय." मग ठीक आहे, मेकॅनिकल लिस्टमध्ये सगळ्यात खाली.

पैशाचं. आयआयटीची ट्यूशन फी सेमिस्टरला 1 लाख, पण घरचं उत्पन्न वर्षाला 1 लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ आणि 5 लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं आणि ते आधीच मागे फिरतात. ईडब्ल्यूएस किंवा ओबीसी असाल तर सर्टिफिकेट चालू वर्षाच्या 1 एप्रिलनंतरचं आणि केंद्राच्या फॉरमॅटमधलं लागतं. राज्याच्या नोकरीसाठी काढलेलं जुनं घेऊन रिपोर्टिंगला गेलात तर तिथून परत तहसीलच्या रांगेत.

काल रात्री शेवटी बसून तिची लिस्ट केली, ताईच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागच्या बाजूला. कानपूर सगळ्यात वर तिने स्वतः लिहिलं, धावपट्टीसाठी. मग मद्रास, मुंबई, खरगपूर, मग पेक, शिबपूर. जिजाजींनी पेन घेऊन मध्ये कॉम्प्युटर घुसवायचा प्रयत्न केला, ताईने पेन काढून घेतलं. आयआयएसटी या लिस्टमध्ये नाहीच, ते बाजूला लाल पेनने वेगळं लिहिलंय, आणि त्याचा अलार्म तिघांच्या फोनमध्ये टाकलाय. माझ्या फोनमध्ये दोन.