सार्जंट पेपर: मोनो लावायचा की स्टिरिओ?
बीटल्स या ब्रिटिश बँडचा १९६७ चा अल्बम सार्जंट पेपर आपण बहुतेकांनी स्टिरिओतच (दोन्ही कानांत वेगवेगळा आवाज) ऐकलाय, पण मोनो मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकाच ट्रॅकवर जुळवताना, बीटल्स स्वतः बसले होते आणि स्टिरिओ नंतर त्यांच्याशिवाय भराभर उरकला गेला, फरक कानाला कळतो हो. 'शीज लीव्हिंग होम' घ्या, मोनोत स्पीड जास्त, सूर साधारण अर्ध्या स्वराने वर, त्यामुळे गाणं थेट काळजाला भिडतं, स्टिरिओत तेच जरा रेंगाळतं. शेवटाकडे शीर्षकगीत पुन्हा येतं, त्या रिप्राइजमध्ये बँडमधल्या पॉल मॅकार्टनीचं ओरडणं मोनोत स्पष्ट, स्टिरिओत जवळजवळ गायब! पहिल्यांदा ऐकताय तर मोनोच लावा. हां, 'अ डे इन द लाइफ' या गाण्यात जॉन लेननचा आवाज उजव्या कानातून हळूहळू डावीकडे सरकतो ना, ती मजा मात्र स्टिरिओतच, हेडफोन लावून ऐका, अंगावर काटा येतो.