नव्या मिडवाइफने आधी लेबर रूममध्ये राहावे, की थेट सलग सेवेत जावे?

पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरच्या आठवड्यांपर्यंत एकाच ओळखीच्या मिडवाइफने गरोदर बाईची काळजी घ्यावी, अशी सलग सेवा इंदूरच्या एखाद्या प्रसूतिगृहाला सुरू करायची असेल, तर नव्याने पात्र झालेल्या मिडवाइफबद्दलचा निर्णय आधी घ्यावा लागतो. तिला वर्षभर लेबर रूममध्ये ठेवावे, की अनुभवी मार्गदर्शिकेच्या सोबतीने थेट सलग सेवा देणाऱ्या मिडवाइफच्या तुकडीत घ्यावे?

लेबर रूमचा मार्ग परिचयाचा आहे. तेथे थोड्या महिन्यांत पुष्कळ प्रसूती हाताखालून जातात, अतिरक्तस्राव झाल्यास काय करायचे ते हातांत बसते आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतात. मात्र मिडवाइफची कामाची पाळी संपली की बाई दुसरीच्या हाती जाते. घरी गेल्यावर तिला दूध नीट आले का, टाके भरले का, हे तिची प्रसूती करणाऱ्या मिडवाइफला कळतच नाही. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 18 महिन्यांचा मिडवाइफरी अभ्यासक्रम परिचारिकांसाठीच आहे, म्हणजे या मुली रुग्णालयाला नवख्या नसतात. त्यांना कमी पडते ते एका बाईला महिनोन्‌महिने ओळखत राहण्याचे शिक्षण, आणि ते कामाच्या पाळ्यांमधून मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

थेट तुकडीत जाण्याचा धोका एकटेपणाचा आहे. रात्री फोन वाजतो, कळा सुरू झाल्या आहेत की नाही हे ठरवायचे असते आणि विचारायला शेजारी कोणी नसते. न्यूझीलंडमध्ये 2007 पासून नव्या मिडवाइफला पहिल्या वर्षी ठरलेली मार्गदर्शिका देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यामुळे तेथे पहिल्याच वर्षी सलग सेवा देणे शक्य होते. याउलट इंग्लंडमध्ये मनुष्यबळ अपुरे पडल्याने सप्टेंबर 2022 मध्ये सलग सेवेच्या उद्दिष्टाची कालमर्यादा काढून टाकावी लागली. तिथल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या तुकड्यांत एका मिडवाइफकडे वर्षाला साधारण 35 ते 40 बायका असतात. नवीला सुरुवातीला याहून बऱ्याच कमी द्याव्यात.

इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक गोष्ट धरून चालावी लागते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की पहिलटकरीण माहेरी जाते, आणि ते माहेर कित्येकदा पुण्या-नागपूरकडे असते. सहा महिने जोडलेली ओळख अशी ऐन वेळी तुटते. म्हणून बाळंतपण कोठे करणार, हे पहिल्याच भेटीत सासू-सुनेशी मोकळेपणाने बोलून घ्यावे आणि नोंदींची प्रत बाईच्या हाती द्यावी.

ठरलेली मार्गदर्शिका, कमी बायका आणि रात्री फोन उचलणारी दुसरी मिडवाइफ या तिन्ही गोष्टी असतील, तर मी थेट तुकडीचाच मार्ग सुचवेन. यातील एखादी जरी नसेल, तर लेबर रूम बरी. मात्र पहिल्या महिन्यापासून दोन-तीन बायका तरी अशा द्याव्यात, ज्यांच्या तपासणीपासून घरभेटीपर्यंत तीच बरोबर राहील.