८५० की १००० वॅट?

भाचा अडलाय: कॉम्प्युटरमधल्या आरटीएक्स ५०८० या ग्राफिक्स कार्डासाठी पॉवर सप्लाय (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) ८५० वॅटचा घ्यावा की १००० चा? डब्यावरची जाहिरात बाजूला ठेवू.

हे कार्ड ३६० वॅटपर्यंत खातं, प्रोसेसर वगैरे धरून साधारण ६००. म्हणजे ८५० पुरतो आणि पैसेही वाचतात. वीजबिलात फरक नगण्य; सप्लाय लागेल तेवढीच वीज ओढतो.

खरा फरक उष्णतेचा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा १००० वाल्यावर ताण कमी पडतो, पंखाही कमी घोंगावतो. घर यंत्रमागांजवळ असेल तर जाळीवर सुताचे तंतू साचतात. ते मात्र दोन्हींत झाडावेच लागतात.

फक्त गेमिंग असेल तर एटीएक्स ३.१ चा (पॉवर सप्लायचं नवं मानक) ८५० घ्या. रात्रभर रेंडरिंग (थ्रीडी दृश्यं किंवा व्हिडिओ तयार करण्याचं जड काम) चालणार असेल, किंवा पुढे ५७५ वॅटचं ५०९० हे मोठं कार्ड बसवायचं असेल, तर १०००च.