सर्व्हरवर कुणी घर फोडलं तर: बंदी, पायऱ्या, पंच की रोलबॅक?

मित्रांपुरता सुरू केलेला माइनक्राफ्टचा (ठोकळे रचून घरं बांधायच्या ऑनलाइन गेमचा) सर्व्हर चाळीस-पन्नास खेळाडूंपर्यंत वाढला, की एक दिवस कुणाचं तरी घर जळतं. तीन आठवडे खपून ज्यानं ते बांधलं त्याचा डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर मेसेज येतो, खाली दहा जण 'बॅन करा' लिहितात आणि सगळे तुमच्याकडे बघू लागतात. त्या रात्री निर्णय घ्यायची पाळी येऊ नये, म्हणून पद्धत आधीच ठरवून ठेवा. चार पद्धती समोर आहेत. त्या निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: आपलं चुकलं, तर झालेलं परत फिरवता येईल का?

सगळ्यात सोपी सरळ बंदी. व्हॉल्व्ह या गेम कंपनीची व्हॅक ही खेळातली फसवणूक, म्हणजे चीट, पकडणारी यंत्रणा याच तत्त्वावर चालते. चीटचा प्रोग्रॅम सापडला की बंदी, तीही कायमची, विनंती-अर्जाला जागा नाही. यंत्रानं नेमकी खूण पकडलेली असते, म्हणून एवढा कडकपणा पेलतो. तरीही जुलै 2010 मध्ये मॉडर्न वॉरफेअर 2 खेळणाऱ्या सुमारे 12,000 जणांवर चुकून बंदी आली. डिस्कवरची एक फाइल आणि मेमरीतली तिची प्रत जुळली नाही, इतकंच कारण होतं. व्हॉल्व्हनं बंदी उठवली, माफी मागितली आणि प्रत्येकाला लेफ्ट फॉर डेड 2 हा गेम दिला, वर मित्राला भेट द्यायला आणखी एक प्रत. आपल्याकडे तर तसं यंत्रही नसतं. असतात ते दोन स्क्रीनशॉट आणि चिडलेले लोक. चुकून काढलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा अपील करत बसत नाही, तो गप्प दुसऱ्या सर्व्हरवर जातो.

आयपी बंदी, म्हणजे खेळाडूच्या इंटरनेट पत्त्यावरच बंदी, त्याहून वाईट. आपल्याकडे मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांमध्ये एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, होस्टेलच्या वायफायचंही तेच. एकाला रोखायला जाल आणि ज्यांचा काही संबंध नाही असे बाहेर राहतील. गुन्हेगार मात्र राउटर बंद-चालू करून किंवा दुसऱ्या सिमवरून परत येईल.

दुसरी पद्धत पायऱ्यांची. काउंटर-स्ट्राइकमध्ये सामना अर्धवट सोडून पळालात तर आधी 30 मिनिटं, मग 2 तास, मग 24 तास, मग 7 दिवस खेळता येत नाही, आणि नंतर नीट वागलात की पायरी खाली येते. मला यातलं हे खाली येणं फार महत्त्वाचं वाटतं. बहुतेक सर्व्हरवर पायऱ्या फक्त वर चढतात आणि दोन वर्षांपूर्वीची एक शिवी जन्माची चिकटते. साध्या माइनक्राफ्टच्या बॅन कमांडला मुदत देता येत नाही. त्यासाठी एसेन्शियल्ससारखं प्लगइन (सर्व्हरला जोडायचा जादा प्रोग्रॅम) लागतं, त्यात टेंपबॅन (मुदतीची बंदी) आणि म्यूट (चॅट बंद करणं) दोन्ही मिळतात. चॅटमधल्या भांडणांना ही पद्धत चांगली लागू पडते. घर फोडणाऱ्याला मात्र ती अपुरी पडते, कारण सात दिवसांनी तो परत येतो आणि घर तसंच जळलेलं असतं.

तिसरी पंचांची, आणि हिच्याकडे लोक फार ओढले जातात. 'खेळाडूंनीच ठरवू दे' हे ऐकायला न्याय्य वाटतं. रायट गेम्सनं लीग ऑफ लेजेंड्समध्ये 2011 साली ट्रायब्युनल सुरू केलं होतं. खेळाडू इतरांच्या चॅटची नोंद वाचून 'शिक्षा' किंवा 'माफी' असं मत देत. सुरुवातीला बहुमताशी मत जुळलं तर गेममधलं चलनही मिळे. तिथंच गडबड होती: बहुतेक निकाल शिक्षेचे लागतात असं दिसलं, की न वाचता शिक्षेचं बटण दाबणं फायद्याचं ठरतं. शिवाय निकालाला वेळ लागे. 2014 मध्ये ते बंद झालं. पण त्यातली एक गोष्ट आपण उचलावी अशी आहे. शिक्षा झालेल्याला त्याचेच शब्द पुराव्यासह दाखवत.

काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्हनं 2013 मध्ये ओव्हरवॉच नावाची पद्धत आणली, ती जास्त विचारपूर्वक होती. पंचाला आठ फेऱ्यांचं रेकॉर्डिंग दिसे, पण संशयिताचं नाव लपवलेलं. पुरावा पुरेसा वाटला नाही तर तसं सांगायची मुभा होती. आधीच निकाल माहीत असलेली प्रकरणं मध्ये मिसळून पंचांची पारख केली जाई आणि ज्याचा अंदाज बरोबर येई त्याच्या मताला वजन जास्त. एवढं सगळं जमलं ते लाखो खेळाडू होते म्हणून. पन्नास जणांच्या सर्व्हरवर नाव लपवलंत तरी जळालेलं घर कुणाचं आणि शेजारी कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथं मतदान म्हणजे कुणाचे मित्र जास्त याची मोजणी होते.

म्हणून अशा लहान सर्व्हरसाठी माझा कौल चौथ्या पद्धतीला, रोलबॅकला: आधी नुकसान भरून काढा, माणसाचं नंतर बघा. कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन कुणी, कधी, कुठला ब्लॉक तोडला वा ठेवला याची नोंद ठेवतं. त्या खेळाडूनं त्या परिसरात गेल्या दिवसभरात केलेलं सगळं एका कमांडनं मागे घेता येतं. रोलबॅक चुकला तर तोही उलटवता येतो. घर दहा मिनिटांत उभं राहिलं की डिस्कॉर्डवरचा आरडाओरडा निम्मा होतो आणि तुम्हाला शांतपणे विचारायला वेळ मिळतो. कधी कधी कळतं की दोघं भागीदार होते आणि छप्पर कुणाचं यावरून भांडले. मात्र हे प्लगइन पहिल्या दिवसापासून हवं. आगीनंतर बसवलंत तर आधीची नोंद मिळणार नाही.

हिरे शोधायला एक्स-रे (दगडाआडची खनिजं दाखवणारं चीट) वापरणाऱ्यांसाठी शिक्षेच्या आधी बंदोबस्त करा. सर्व्हर पेपर नावाच्या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर चालत असेल तर खनिजं लपवणारी सेटिंग त्यातच आहे. ती सुरू केली की पकडायची वेळच कमी येते.

रोलबॅक एका ठिकाणी काहीच कामाचा नाही: कुणी लहान मुलांना धमकावत असेल, घाणेरडे मेसेज पाठवत असेल किंवा फोटो मागत असेल तर. तिथं पायऱ्या नकोत, पंच नकोत. त्याच क्षणी बंदी घाला, मेसेज जपून ठेवा, मुलाच्या पालकांना सांगा. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनही आहे.

बाकी सगळ्यासाठी रोलबॅक, त्यावर पायऱ्या, आणि अपील ऐकायला बंदी घालणाऱ्याखेरीज दुसरा एक मॉडरेटर, एवढं पुरतं. बंदी घालताना कारणाची जागा रिकामी सोडलीत तर समोरच्याला 'ऑपरेटरनं बंदी घातली' एवढीच इंग्रजी ओळ दिसते. त्या जागी तारीख, काय तोडलं, बंदी किती दिवसांची आणि अपील कुणाकडे करायचं ते लिहा.