डुबियाची स्टार्टर कॉलनी : घ्यावी का?

घरात बिअर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा आहे आणि त्याच्या खाण्यासाठी दर आठवड्याला किड्यांच्या डब्यांवर पैसे जातायत, अशांसाठी हे लिहितेय. उत्तर आधीच सांगून टाकते. सरडा मोठा झालेला असेल, घरात कुणाला दमा नसेल आणि पहिले काही महिने झुरळांच्या डब्याला हात न लावता थांबायची तयारी असेल, तर डुबिया झुरळांची स्टार्टर कॉलनी, म्हणजे घरीच पैदास सुरू करायला मिळणारी झुरळांची पहिली खेप, डोळे झाकून घ्या. पिल्लू नुकतंच आणलं असेल तर मात्र थांबा. ते का, हे पुढे येईलच.

आम्ही इंग्लंडात, मिल्टन कीन्सला राहतो. सरडा मुलीचा, नाव चकली. अंगावरच्या काट्यांमुळे तिनेच ठेवलं. ही जात ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातली. तिथलं सरकार देशी वन्यजीव व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे इथल्या दुकानांत दिसणारे बिअर्डेड ड्रॅगन पिढ्यान्‌पिढ्या घरातच वाढलेल्या सरड्यांची पिल्लं असतात. लहानपणी त्यांचं पोट मुख्यतः किड्यांवर भरतं. मोठेपणी गणित उलटतं, ताटात पालाच जास्त लागतो आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदा पुरतात. पण ते दोन-तीनदा दिलेले किडे दमदार हवेत, आणि माझी सगळी तक्रार तिथेच होती.

दुकानात प्लास्टिकच्या छोट्या डब्यांतून मिळतात ते रातकिडे, टोळ आणि मीलवर्मच्या अळ्या. रातकिडे मला कधीच पटले नाहीत. वास येतो, हातातून निसटतात, नर रात्रभर किर्रर्र करतात, आणि काचेच्या घरात एखादा उरला तर झोपलेल्या सरड्याला चावे घेतो. त्यातून पूर्वी सगळीकडे मिळणारा साधा घरगुती रातकिडा डेन्सोव्हायरसच्या साथीने युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी पैदासकारांकडे साफ झाला, म्हणून दुकानदार आता दुसऱ्या जातींकडे वळलेत. मीलवर्मचं कवच कडक आणि मांस कमी. वॅक्सवर्म नावाच्या अळ्या म्हणजे निव्वळ चरबी. आजारातून उठलेल्या सरड्याला एखादा द्यावा, एरवी नको.

टोळ चकलीला जीव की प्राण. उडी मारणारी वस्तू दिसली की ती मान तिरकी करते, एक डोळा तिच्यावर रोखते आणि झेपावते. पण टोळांचा डबा मी हातात घेते तेव्हा मला वरूड आठवतं. आमची संत्र्याची बाग तिथे आहे. मे २०२० मध्ये टोळधाड अमरावती जिल्ह्यात शिरली, मोर्शी-वरूडकडून काटोलकडे सरकली, तेव्हा दादा आणि गडीमाणसं थाळ्या, पिंपं बडवत बागेत उभी होती. तोच हा वाळवंटी टोळ, अगदी त्याच जातीचा, इथे तीनेक पौंडांना मोजून भरलेला मिळतो. गर्दीत वाढल्यामुळे पिवळ्या-काळ्या रंगावर आलेला. दादाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन आला, "हे पैसे देऊन घेता तुम्ही?" घेतो. पण डब्यात वाळकं गवत नि थोडा कोंडा असतो, प्रवासात तेही संपतं, आणि पोट रिकामं असलेला टोळ सरड्याला दिला तर सरड्याच्या पोटात जातं काय? पाणी आणि कवच. हिवाळ्यात एका ऑनलाइन दुकानाकडून मागवलेला डबा उघडला तर निम्मे थंडीने मेलेले. त्यांनी पैसे परत केले, पण त्या आठवड्यात चकलीला पाल्यावरच भागवावं लागलं.

म्हणून डुबिया. शास्त्रीय नाव ब्लॅप्टिका डुबिया, मूळ दक्षिण अमेरिकेचं. आपल्या मोरीतल्या झुरळाशी नातं असलं तरी वागणं पार वेगळं. गुळगुळीत प्लास्टिकवर किंवा काचेवर त्याला चढता येत नाही. आवाज नाही. रातकिड्यांच्या मानाने वास नसल्यातच जमा. नराला पूर्ण पंख असतात पण तो फार तर फडफडत खाली येतो, मादीला पंखांचे नुसते ठोंब. आणि इंग्लंडातल्या घरात पळालंच तरी वंश वाढत नाही, कारण पैदाशीला त्याला अठ्ठावीस-तीस अंशांच्या पुढे ऊब लागते. सासूबाईंना हे सगळं पटवायला मला वेळ लागला. "अगं, आयुष्यभर झुरळं मारण्यात गेलं आणि आता विकत आणतेस?" असं त्या म्हणाल्या होत्या. आता भाजी चिरताना गाजराची टोकं झुरळांसाठी त्या स्वतःच बाजूला काढून ठेवतात.

कॉलनी पोस्टाने आली. कापडी पिशवीत अंड्यांच्या ट्रेचे तुकडे, त्यांत शंभराच्या वर लहान-मोठी झुरळं, सोबत उबेची पिशवी. पंचवीस-तीस पौंडांत एवढं मिळणं मला रास्त वाटलं. विक्रेत्याने एक गोष्ट फार चांगली केली होती, ती म्हणजे माद्या आणि नर मोजून दिले होते, तीन माद्यांमागे एक नर या हिशेबाने. तुम्ही घ्याल तेव्हा हे आधी विचाराच. नुसतं "मिक्स साइज" लिहिलं असेल तर बहुतेक वेळा सगळी पिल्लंच येतात, आणि ती वयात यायला चार ते सहा महिने जातात. पूर्ण वाढलेल्या माद्या असतील तर घड्याळ लगेच सुरू होतं.

डबा म्हणजे कपडे ठेवायचा साधा प्लास्टिकचा खोका, गडद रंगाचा, कारण यांना अंधार लागतो. झाकणात चौकोन कापून धातूची जाळी गरम गोंदाने बसवली. एका बाजूने बाहेरून हीट मॅट, तिला थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटवर पैसे वाचवू नका. मॅट नुसती चालू ठेवली तर खोका भट्टी होतो. अंड्यांचे ट्रे उभे लावायचे, आडवे नाही, म्हणजे विष्ठा खाली गळते आणि ट्रे कोरडे राहतात.

आणि मग थांबायचं. माझ्या मते कॉलनीची किंमत या थांबण्यात आहे. मादी अंडी बाहेर टाकत नाही, अंड्यांची पेटी पोटातच ठेवून जिवंत पिल्लं देते, एका वेळी साधारण वीस-तीस. त्याला दोनेक महिने लागतात. एकदा ट्रे उचलला तर एका मादीच्या पोटाच्या टोकाला गुळाच्या रंगाची, दाण्यादाण्यांची पट्टी बाहेर आलेली दिसली. मला वाटलं काहीतरी बिनसलं. बिनसलं काही नव्हतं. ती पेटी बाहेर काढून, वळवून पुन्हा आत घेते. काही मिनिटं मी ट्रे तसाच धरून उभी होते. पट्टी हळूहळू आत सरकली आणि मादी मिशा हलवत ट्रेच्या खळग्यात निघून गेली. कात टाकल्यावरचं झुरळही बघण्यासारखं असतं. अंग पांढरंशुभ्र, डोळे काळे, आणि काही तासांत तपकिरी. त्या पांढऱ्या अवस्थेत कवच मऊ असतं, म्हणून असं एखादं सापडलं की चकलीला तेच देते.

खाणं हा खरा मुद्दा. झुरळाच्या पोटात जे असेल तेच सरड्याला मिळणार आहे. आमच्या खोक्यात कोरडं म्हणून गव्हाचा कोंडा आणि ओट्स, ओलं म्हणून गाजर, लाल भोपळा, डॅन्डेलियनची पानं आणि संत्र्याच्या फोडी. संत्र्यावर डुबिया तुटून पडतात. फोड ठेवली की ट्रेमधून सगळी मंडळी उतरून येते आणि सकाळी पातळ पापुद्रा तेवढा उरतो. ओलं खाणं दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं, नाहीतर बुरशी धरते आणि कॉलनी मरायला बुरशी पुरेशी आहे. कुत्र्या-मांजरांचं कोरडं खाणं घालू नका, कितीही जण सांगोत. प्रथिनं जास्त झाली की डुबिया नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात अंगात साठवतात, आणि असे किडे सतत खाणाऱ्या सरड्याला सांधेदुखीच्या आजाराचा धोका असतो. नुसत्या बटाट्याच्या सालींवर वाढवलेली झुरळंही नकोत. जगतात, पण त्यांत सत्त्व नसतं. चकलीला द्यायची असतील ती आदल्या दिवशी वेगळ्या बरणीत काढते आणि भरपेट पाला खाऊ घालते.

एवढं करूनही कॅल्शियमची बाजू लंगडीच राहते. डुबिया असो, रातकिडा असो की टोळ, सगळ्यांच्या अंगात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. पिशवीत चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट, त्यात झुरळं, पिशवी हलवायची आणि लगेच वाढायचं, नाहीतर ती मिशांनी अंग पुसून पावडर झाडून टाकतात. तरीही डोक्यावर यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा नसेल तर ते कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. आम्ही आर्केडिया कंपनीची बारा टक्के यूव्हीबीची टी-फाइव्ह नळी वापरतो आणि समाधानी आहोत. वर्षाने बदलायची, प्रकाश दिसत असला तरी. जबडा मऊ पडलेले, पाय वाकलेले सरडे मी आमच्या भागातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पाहिलेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना किडे पोटभर मिळत होते. ज्या घरात दिव्याला पैसे नाहीत त्या घरात कॉलनी घेऊन काहीच उपयोग नाही.

किड्यांमध्ये कॅल्शियमच्या बाबतीत अपवाद एकच, ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या. इथे कॅल्सीवर्म नावाने मिळतात. पुण्यात गच्चीवर कंपोस्टची बादली ठेवणारे त्यांना ओळखतात, करड्या, वळवळणाऱ्या, दोन दिवसांत भाजीचा कचरा फस्त करणाऱ्या. आठवड्यातून एकदा मी त्याही विकत घेते, कारण डुबिया चकलीच्या डोळ्यांपुढे फार संथ चालतात आणि दर वेळी तेच खाऊन तिलाही कंटाळा येतो.

उणिवा सांगते. पिल्लासाठी कॉलनी वेळेवर उपयोगी पडत नाही. छोटा बिअर्डेड ड्रॅगन दिवसाला ढिगाने बारीक किडे खातो, आणि कॉलनीने वेग घेईपर्यंत तो मोठा झालेला असतो. तोवर बारीक टोळांचे डबे घ्यावेच लागतात. उलट मोठ्या सरड्याला वर्षभराने कॉलनी जास्त होते. मी जादा नर काढून ओळखीतल्या गेको, म्हणजे पाली, पाळणाऱ्यांना देते, नाहीतर खोका ओसंडतो. आकाराचं भान ठेवावं लागतं, सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठं झुरळ द्यायचं नाही, म्हणजे पूर्ण वाढलेल्या माद्या पैदाशीलाच राहतात. आणि ॲलर्जी. वाळलेली विष्ठा आणि काती यांची धूळ फुप्फुसांना चांगली नाही. खोका मी बाहेर अंगणात, मास्क आणि हातमोजे घालूनच साफ करते. घरात दम्याचं माणूस असेल तर हा उद्योग करू नये, एवढं स्पष्ट सांगते.

खर्चाचं म्हणाल तर खोका, मॅट, थर्मोस्टॅट आणि कॉलनी मिळून सुरुवातीला सत्तरेक पौंड गेले. आता टोळांचा डबा महिन्यातून एखादा येतो, तोही चकलीला पळायला लावायचं म्हणून.

परगावच्या वाचकांसाठी. कॅनडात डुबिया पाळायला परवानगी नाही, टोरांटोवाल्यांनी रातकिड्यांवर आणि अळ्यांवरच भागवायचं. ऑस्ट्रेलियातही डुबिया नाहीत, तिथे "वुडी" नावाने दुसरं झुरळ मिळतं आणि सरडा पाळायला राज्याच्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. महाराष्ट्रातल्या कुणाला शेतात घोरपड किंवा तिचं पिल्लू सापडलं तर हे वाचून ते घरी आणू नका. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पाळणं गुन्हा आहे. वनखात्याला कळवा.